जपून! आत समुद्र आहे

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. पेटी म्हटल्यावर कुणाला सूर काढणारी पेटी आठवली असेल, तर आधीच सांगते, ती मी नव्हे. तिच्याभोवती माणसं मांडी घालून बसतात, माना डोलावतात. माझ्याभोवती कुणी बसत नाही. मी चित्रं वाहून नेणारी पेटी. उंच तुमच्या खांद्याइतकी, रुंद तुम्ही दोन्ही हात पसरलेत तर मावाल इतकी, आणि जाडीला जेमतेम वीतभर. भिंतीला टेकवलं की मी तिथे आहे हेही कुणाच्या ध्यानात येत नाही. अंगावर पिवळ्या रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, ‘जपून! आत समुद्र आहे’. वाचणारा हसतो आणि पुढे जातो.

तुम्हीही हसलात तर चालेल. पण लगेच पुढे जाऊ नका, थोडं टेका. माझी गोष्ट फार लांबलचक नाही, आणि ऐकणारं कुणी मिळून मला पुष्कळ दिवस झालेत.

इतर पेट्या एकदाच जन्माला येतात. मी दोनदा आले. पहिल्या जन्मी मी एक लांबलचक टेबल होते. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर एक खोली होती. तिला दार मोठं आणि खिडकी एकच. त्या खोलीत एक माणूस सर्फबोर्ड दुरुस्त करायचा. सर्फबोर्ड म्हणजे ज्यावर उभं राहून लाटेवरून घसरत येतात ती फळी. सगळे तिला फळीच म्हणत आणि त्यालाही फळीवाले म्हणत. कुणाच्या फळीचं नाक मोडलेलं, कुणाची कड खडकावर आपटून फुटलेली. भेगेतून फळीच्या पोटात पाणी शिरलं की ती जड होते, लाटेवर चढतच नाही. फळीवाले मग तिला माझ्यावर उभी करून ठेवायचे आणि तिच्या पोटातलं खारं पाणी थेंब थेंब माझ्या अंगावर ठिबकत राहायचं. मी समुद्र पाहिला नव्हता, पण तो रोज असा थेंबाथेंबाने माझ्याकडे यायचा. त्या थेंबांचं सुख काय होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. देव देत असतो तेव्हा कुठे कळतं?

आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. फळीवाल्यांना ऐकू येत नसे. रोज पहाटे ते स्वतः लाटांवर जायचे. वर्षानुवर्षं थंड पाण्यात बुड्या मारून त्यांच्या कानातली हाडं वाढली आणि वाटच बंद झाली, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यांची बायको हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला. ती निघायची तेव्हा हे पाण्यात, आणि ती परतायची तेव्हा यांचे हात भेगा भरायच्या रेझिनने, म्हणजे पातळ डिंकासारख्या रसायनाने, चिकट आणि तोंडावर फडकं. बोलायचं कधी आणि ऐकायचं कसं? तेव्हा त्या दोघांनी एक रीत पाडली. सुताराची जाड पेन्सिल दोरीने माझ्या पायाला बांधून ठेवली आणि जे काही सांगायचं ते माझ्यावर लिहायचं.

ती लिहायची, ‘जेवण झाकून ठेवलंय.’

खाली ते लिहायचे, ‘जेवलो. मीठ कमी.’

त्याच्या खाली तिचं उत्तर, ‘समुद्रातून आणा.’

असा त्यांचा संसार माझ्या अंगावर मांडलेला होता. कामाची जागा भरून गेली की ते एका कोपऱ्यातलं घासून काढायचे, पण सगळं कधीच नाही. काही ओळींवर फळी ठेवतानासुद्धा ते खाली कापड घालायचे. मुलीने विचारलं, “बाबा, हे पुसत का नाही?” तर त्यांना ते ऐकूच आलं नाही, की ऐकू आलं नाही असं दाखवलं, देव जाणे.

हो, त्यांना एक मुलगी होती. चिमी म्हणायचे तिला. ती फोटो काढायला शिकली आणि कामासाठी दूरच्या शहरात गेली. बापाशी तिचं फोनवर बोलणं होत नसे. ऐकू न येणाऱ्या माणसाशी फोनवर काय बोलणार? तिच्या मनात मात्र बसलं होतं, बाबांना माझ्याशी बोलायला काही नसतंच. एकदा सुट्टीला आली असताना कॅमेरा जलरोधक डबीत घालून ती त्यांच्यामागे पाण्यात उतरली आणि एक फोटो काढला. एक मोठी हिरवी लाट, तिच्या कुशीत पाठमोरा वाकलेला एक माणूस, आणि पायाखाली त्याच्याच हाताने ठिगळं लावलेली फळी. चेहरा दिसत नाही. पण ती पाठ बघून कुणीही म्हणेल, हा माणूस आत्ता या जगात सगळ्यात सुखी आहे.

दोन वर्षांनी एका सकाळी फळीवाल्यांनी एका फळीच्या डाव्या कडेला ठिगळ लावलं. ते वाळायला वेळ होता. त्यांनी पेन्सिल घेतली, माझ्या उजव्या टोकाला बायकोसाठी लिहिलं, ‘डावी कड ओली आहे. हात लावू नकोस. वाळली की सांग.’ आणि ते समुद्रावर गेले.

त्या दिवशी लाटा मोठ्या होत्या. ते पडले, फळी डोक्याला लागली. किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांकडे एक बोट होती, पण तिचं इंजिन काही केल्या सुरू होईना. शेवटी तिघे पोहत गेले. ते पोहोचले, पण उशिरा.

ठिगळ वाळलं. सांगायचं कुणाला?

मित्रांनो, इथे रडत बसलो तर मूळ गोष्ट राहून जाईल. चिमी आली, पंधरा दिवस राहिली आणि परत जाताना आईला बजावून गेली, “मी महिन्याभराने रजा काढून येते. तोवर बाबांच्या टेबलाला कुणी हात लावायचा नाही. मी आल्यावर बघू.”

पण खोलीच्या मालकाला खोली हवी होती. त्याने आठ दिवस दिले. आईचं नवं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, आणि जिना असा वळणावळणाचा की कपाट चढवताना हमालांनी देवाचा धावा केला. मी दहा फूट लांब. आईचा धाकटा भाऊ सुतार होता. मामा. त्याने मला एकदा मापलं, जिना मापला, पुन्हा मला मापलं.

“ताई, जात नाही. कापावं लागेल.”

“कापू नकोस रे.”

“मग रस्त्यावर ठेवू? पावसात?”

आई बाजूला झाली. मामाने करवत घेतली. पण माणूस कामाचा होता आणि मनाचाही. मला खालून रंधा मारून त्याने हलकं केलं, वरच्या लिहिलेल्या अंगाला मात्र पातं लागू दिलं नाही. माझ्या कापलेल्या फळ्या कापडात गुंडाळून आपल्या कारखान्यात नीट रचून ठेवल्या. चिमीने फोनवर विचारलं तेव्हा आईने सांगून टाकलं, “टेबल एका दुसऱ्या दुकानाला दिलं.” कापलं हे सांगायला तिची जीभ वळली नाही. देऊन टाकलं, हे तिला त्यातल्या त्यात सोपं वाटलं. चिमी दोन महिने आईशी बोलली नाही.

पुढे ती नोकरी सोडून आईपाशी राहायला आली. बाबांचा तो फोटो तिने मोठा केला आणि काचेच्या चौकटीत बसवला. समुद्र, लाटा, फळ्या या विषयावर चित्रांची आणि फोटोंची प्रदर्शनं भरतात, तिथे तो लावायचं ठरलं. ती मामाकडे गेली आणि म्हणाली, “मामा, याला एक पेटी करून द्या. अशी की रस्त्याने नाचत गेली तरी काचेला तडा जाता कामा नये.”

अशी मी दुसऱ्यांदा जन्माला आले. मामाने माझ्याच फळ्या घेतल्या. लिहिलेल्या फळ्यांचं झाकण केलं आणि लिहिलेली बाजू आत ठेवली. तिच्यावर मऊ घोंगडीचं अस्तर लावलं, म्हणजे अक्षरं घासली जाऊ नयेत. बाहेरून हाताने फिरवायचे सहा पितळी स्क्रू. आई कारखान्यात बघायला आली तेव्हा मामा हळूच म्हणाला, “अस्तराचा एक कोपरा मोकळा ठेवलाय. वाटलं तर उचलून बघ. पण ताई, पोरीला सांगायला हवं.”

“सांगू.”

“कधी?”

“उद्या.”

मामाने मग माझ्या अंगावर पिवळ्या रंगाने ते वाक्य लिहिलं आणि खाली चिमीचा फोन नंबर घातला. लोक ‘काच, जपून’ लिहितात. मामाला साधं काही लिहिणं जमतच नसे.

त्यानंतरची पाच वर्षं मी गावोगाव फिरले. प्रदर्शनात काय काय असतं हे मला विचारू नका, कारण मी एकही पाहिलं नाही. मोठ्या दालनात नेलं की माझे सहा स्क्रू फिरवायचे, फोटो बाहेर काढायचा, आणि मला मागच्या कोठीत झाडू, शिड्या आणि इतर रिकाम्या पेट्यांच्या रांगेत उभं करायचं. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. कुणी मोडक्या फळ्यांवर मासे रंगवलेले असत, कुणी जलरंगात नुसता फेस काढलेला असे, कुणी लाटेच्या पोटातून आकाशाचा फोटो काढलेला असे. माणसं म्हणायची, “अरे बाप रे, पाणी अंगावर येतंय असं वाटतं!” मी आपली कोरडी ठाक उभी. पोटात समुद्र वाहिला, पण अंगाला थेंब नाही.

माझं कौतुक एकदाच झालं. एका कोठीवाल्याने माझ्या कोपऱ्यातल्या सांध्यावरून अंगठा फिरवला आणि स्वतःशीच म्हणाला, “वा! हात आहे कुणाचा तरी.” त्या एका वाक्यावर मी कितीतरी गावं काढली.

घरी आले की मी पलंगामागे उभी असायची. चिमी बाहेर गेली की आई दुपारी माझे स्क्रू सैल करायची, अस्तराचा कोपरा उचलायची आणि पेन्सिलीच्या अक्षरांवर तळवा ठेवायची. वाचायची नाही. पाठच होतं तिला. नुसता हात ठेवून बसायची, जशी तापलेल्या मुलाच्या कपाळावर आई हात ठेवते. जिन्यात पावलं वाजली की घाईने झाकण बंद. मला फार वाटायचं, बाई गं, एकदा उघडी राहू दे मला! पण पेटीला तोंड असून बोलता येत नाही. ते दुसऱ्याने उघडावं लागतं.

मग तो लिलाव आला.

त्याच किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांसाठी नवी बोट घ्यायची होती. त्यासाठी चित्रकारांनी आणि फोटोवाल्यांनी आपापली एकेक वस्तू द्यायची आणि प्रदर्शनाच्या शेवटी तिचा लिलाव करायचा असं ठरलं. फोटो दिला तर त्याची दुसरी प्रत पुन्हा काढणार नाही, असं लिहून द्यायचं. चिमीपुढे प्रश्नच नव्हता. कोणता फोटो द्यायचा, हे तिने एका क्षणात ठरवलं. आईला कसं सांगायचं, हे ठरवायला तिला आठवडा लागला.

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकून घेतलं. मग म्हणाली, “दे. बोट आलीच पाहिजे. तेव्हा असती तर...” आणि पुढची घडी घातली. “पण पेटी परत आण.”

“पेटी?”

“हो. चित्र जाऊ दे. पेटी घरी आण.”

“आई, खोक्याचं काय घेऊन बसलीस? मामा दुसरी करून देतील.”

“दुसरी नको.”

“कमाल आहे! खोक्यासाठी जीव टाकतेस, आणि बाबांचं टेबल मात्र दिलंस देऊन.”

आईने तोंड उघडलं. मित्रांनो, मी पलंगामागून श्वास रोखून ऐकत होते. आता सांगेल, आता सांगेल. तिने ओठ मिटले आणि उशीचा अभ्रा उचलला. “आण म्हणजे झालं,” एवढंच म्हणाली.

लिलावाच्या दिवशी मी नेहमीसारखी कोठीत. भिंतीपलीकडे लिलाव पुकारणाऱ्याचा खणखणीत आवाज, मधूनच हशा, मग हातोड्याचा ठोका. एकेक पेटी माझ्या शेजारून उचलली जात होती. माझ्या फोटोची पाळी आली. मग आकडे चढत गेले आणि ठोका पडला. टाळ्या थांबता थांबेनात. मला आनंद झाला. खरंच झाला. वाटलं, आता बोट येणार. आता मी रिकामी घरी जाणार, आणि रिकाम्या पेटीत लपवायला काही उरत नाही.

कोठीत चार माणसं आली. चिमी, कोठीवाले, फोटो घेणारे दातांचे डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी. डॉक्टर गोल चेहऱ्याचे, हसतमुख गृहस्थ.

चिमी कोठीवाल्यांना हळूच म्हणाली, “पेटी तेवढी मला परत हवी होती.”

“छे हो ताई! विकलेली वस्तू तिच्याच पेटीतून जाते, नियम आहे. वाटेत काच फुटली तर बोलणी कुणी खायची? आम्हीच ना?”

“नाही, म्हणजे नंतर...”

डॉक्टर मोठ्याने हसले. “का हो, पेटीचा वेगळा लिलाव करायचा राहिला का? बोला, पहिली बोली माझी!”

सगळे हसले. चिमीचा चेहरा लाल झाला. एवढ्या मोठ्या मनाने फोटो दिला आणि आता खोक्यासाठी अडून बसली, असं लोक म्हणतील, असं तिला वाटलं असावं. ती घाईने म्हणाली, “नको, नको. न्या तुम्ही. मी आपलं सहज म्हटलं.”

तो ‘सहज’ शब्द मला साडेसहा वर्षांना पडला.

फोटो डॉक्टरांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत लागला. मी जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत गेले. पहिल्या वर्षी माझ्यावर नुसती धूळ होती. दुसऱ्या वर्षी कुणाला तरी सुचलं, आणि माझं झाकण काढून आत पेशंटांच्या दातांचे प्लास्टरचे साचे भरले. वरचे जबडे, खालचे जबडे, दोन दात नसलेले, सगळेच नसलेले. जिथे समुद्र राहत होता तिथे आता दीडशे माणसांचे जबडे दात विचकून बसले! हसा, हसा. मीही पहिल्या दिवशी हसले होते. पण रोज कुणाशी हसणार? ते जबडे इतके होते, आणि त्यातला एकही बोलत नव्हता.

त्या खोलीत मला एकच काम उरलं. अस्तराखालच्या ओळी एकेक करून आठवायच्या. जेवण झाकून ठेवलंय. जेवलो. मीठ कमी. शेवटच्या ओळीपाशी आले की थांबायची. ‘वाळली की सांग.’ कुणीतरी विचारून गेलं आहे आणि उत्तर देणारं कुणी नाही, या वाक्याच्या शेजारी वर्षानुवर्षं उभं राहून पाहा म्हणजे एकटेपणा काय असतो ते कळेल. अंधारात नामस्मरण करणारा निदान ऐकणारा आहे या भरवशावर करतो. माझा भरवसा हळूहळू सुटत चालला होता.

चौथ्या वर्षी वरून ओळखीचा आवाज आला. चिमी! शब्द नीट कानावर पडत होते, कारण जिन्याचं दार उघडं होतं.

“डॉक्टर, त्या फोटोबरोबर एक पेटी होती. पिवळ्या अक्षरांची. ती फक्त बघायला मिळेल का? विकत द्या हवी तर.”

“पेटी? अहो, ती कधीच टाकली असेल! इथे माणसाला उभं राहायला जागा नाही.”

“एकदा बघता का? माझी आई... तिला हवी आहे.”

“असती तर दिली असती हो. कशाला ठेवू मी?”

ते खोटं बोलत नव्हते. विसरले होते. मी त्यांच्या पायाखाली, बारा पायऱ्या खाली होते. मी काय करू शकत होते? लाकूड फार तर करकरतं, आणि तेही त्या दिवशी करकरलं नाही. तिची पावलं दारापर्यंत गेली. थोडी थांबली. फोटोसमोर थांबली असावीत. मग गेली.

घरी काय घडलं होतं, हे मला फार पुढे कळलं. त्या वर्षी मामा वारला. त्याचा कारखाना आवरताना आईला जाणवलं, की आता हे गुपित जगात आपल्या एकटीपाशी उरलं. त्या दुपारी तिने चिमीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. करवत, झाकण, अस्तराचा मोकळा कोपरा, सगळं. चिमी रागावली नाही. ती म्हणाली, “आई, आणि मी तिला खोकं म्हटलं.” आणि दुसऱ्याच दिवशी ती दवाखान्यात आली. तिथून रिकाम्या हातांनी परत गेली, आणि त्या दोघींनी मला मेलेली समजून माझा विषय बंद केला. बंद म्हणजे तोंडाने.

आणखी अडीच वर्षं गेली. डॉक्टर थकले, दवाखाना बंद करायचा ठरवला. वरून फोटो उतरवल्याचा आवाज आला. वाटलं, आता मला बोलावतील. माझं पोट त्याच्याच मापाचं आहे ना! कुणी आलं नाही. तो नव्या फोमच्या वेष्टनात गुंडाळून त्यांच्या घरी गेला. एकाच छपराखाली इतकी वर्षं राहूनसुद्धा आमची निरोपाची भेट झाली नाही.

जिन्याखालची खोली आवरायला दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या बाई आल्या. सगळं फेकायचं असं त्यांना सांगितलेलं. त्यांनी मला उजेडात ओढलं, धूळ पुसली आणि वाचलं, ‘जपून! आत समुद्र आहे’. त्या खो खो हसल्या. “बघू तरी कुठला समुद्र!” म्हणत त्यांनी झाकण उघडलं. जबडे बाहेर काढले. कसर लागलेलं अस्तर हात लावताच सुटून आलं. त्या वाकून वाचू लागल्या. एकदा हसल्या, मग हसायच्या थांबल्या. पदराला हात पुसून त्यांनी माझ्या अंगावरचा नंबर फिरवला.

“ताई, तुमची पेटी आहे का हो इथे दवाखान्यात? पिवळी अक्षरं आहेत बघा. आत दात होते, ते काढले मी. पण झाकणाला आतून कुणा नवरा-बायकोचं भांडण लिहिलंय. पुसू, की राहू द्यायचं?”

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. बाईंनी मात्र फोन कानापासून लांब धरला आणि म्हणाल्या, “अहो रडू नका. पुसत नाही.”

तिसऱ्या मजल्यावर मला दोन हमालांनी चढवलं. आई दारात उभी होती. केस पूर्ण पांढरे, गुडघ्याला पट्टा. चिमीने झाकण काढून खिडकीशी उजेडात आडवं ठेवलं आणि ती जमिनीवर बसून एकेक ओळ मोठ्याने वाचू लागली. ‘मीठ कमी’पाशी आई हसली. पुढे एका कोपऱ्यात, अगदी बारीक अक्षरांत होतं, ‘चिमीचा फोन आला होता.’ खाली फळीवाल्यांचं, ‘काय म्हणाली?’ मग, ‘विचारत होती बाबा काय म्हणतात.’ आणि त्याखाली ठसठशीत, दोनदा गिरवलेलं, ‘सांग, तिची फार आठवण येते. पाणी चांगलं आहे. ये म्हणावं.’

चिमीने ते पुन्हा वाचलं, या वेळी मनात.

“हे तू मला सांगितलं नाहीस, आई.”

“तुझा फोन पुन्हा आला तेव्हा मी कामाच्या घाईत होते. म्हटलं, उद्या सांगीन.” आईने पदर डोळ्यांना लावला. “माझं सगळं उद्याच राहिलं गं.”

चिमी सरकली आणि आईच्या गुडघ्याला टेकून बसली. मग तिने शेवटची ओळ वाचली. ‘डावी कड ओली आहे. हात लावू नकोस. वाळली की सांग.’ तिच्याखाली कोरं लाकूड होतं, चार बोटांएवढं.

“पेन्सिल आण,” आई म्हणाली.

चिमीने पेन्सिल दिली. आईने खाली वाकून, त्या चार बोटांच्या जागेत, एकच शब्द लिहिला. ‘वाळली.’

तेव्हा एक थेंब माझ्यावर पडला. खारट होता. बारा वर्षांनी.

मित्रांनो, आता मी खिडकीशी उभी असते. पोट रिकामं आहे आणि रिकामंच राहणार, कारण ज्याच्या मापाने मला बेतलं तो फोटो आता परत येणार नाही. कधी कधी त्याची फार आठवण येते. संध्याकाळी मायलेकी आपापल्या कामात असल्या की खोलीत कुणी बोलत नाही, आणि मला ती जिन्याखालची खोली आठवते. पण या खिडकीतून, पार त्या टोकाला, समुद्राची एक निळी रेघ दिसते. सकाळी तिच्यावरून एक पांढरा ठिपका सरकत जातो. चिमी म्हणते, ती जीवरक्षकांची बोट. आत्तापर्यंत तिने नऊ जणांना वेळेवर परत आणलं आहे.

एवढंच मागते तुमच्याकडे. जुनी वस्तू फेकायच्या आधी तिचं झाकण एकदा उलटून बघा. घरात कुणी एखाद्या खोक्यासाठी जीव टाकत असेल, तर हसण्याआधी तिच्याजवळ बसून विचारा, का गं? आणि तुम्हाला कुणाला काही सांगायचं असेल, तर ते उद्यावर टाकू नका. मी ते ‘उद्या’ साडेसहा वर्षं अंधारात पोटाशी धरून उभी होते, आणि त्याचं वजन समुद्रापेक्षा जास्त होतं.